समोर बसणारी मैत्रीण

लातूरला आमच्या शाळेतल्या शिक्षकांसाठी एकदा दोन दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं होतं. ज्या मुलांचं लक्ष टिकत नाही, ती वर्गात कशी ओळखायची, असा विषय होता. मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. त्या दिवशीही मी चाळीस मिनिटं उशिरा पोचले आणि मान खाली घालून शेवटच्या बाकावर बसले. प्रशिक्षक बाईंनी प्रत्येकाला एक कागद दिला. वर्गातलं एक मूल डोळ्यांसमोर आणायचं आणि प्रश्नांपुढे खुणा करायच्या. मी आठवी ब मधली एक मुलगी धरली. वस्तू हरवते का? हो. हातातलं काम अर्धवट टाकून दुसऱ्याला लागते का? हो. चौथ्या-पाचव्या प्रश्नाला ती मुलगी कुठे गेली, मला कळलं नाही. वेळेचा अंदाज चुकतो का? नेहमीच. सांगितलेलं ऐकू येतं पण डोक्यात शिरत नाही, असं होतं का? हो, हो. कागद संपला तेव्हा लक्षात आलं, की हा मी माझाच भरलाय. मी तेव्हा एकेचाळीस वर्षांची होते.

तो कागद मी जमा केला नाही. घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि पुढचे सात महिने तो तिथंच होता. डॉक्टरकडे जायचं, असं मी दर सोमवारी ठरवायचे. मंगळवारी ते माझ्या डोक्यात नसायचं.

मग शाळेत ती गुणांची भानगड झाली. दहावीच्या अंतर्गत परीक्षेचे गुण ठरलेल्या मुदतीत ऑनलाइन भरायचे होते. मुदतीला नऊ दिवस होते. नऊ दिवस म्हणजे माझ्या लेखी अख्खा उन्हाळा. शेवटच्या दिवशी दुपारी मी प्रयोगशाळेतल्या बाटल्यांना नवी लेबलं लावत बसले होते. फार सुंदर लेबलं लावली. संध्याकाळी पाचला शिपाई बोलवायला आला, तोवर मुदत संपून गेली होती. मुख्याध्यापिका बाई आरडाओरडा करणाऱ्या नव्हत्या. दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही शिकवता तेव्हा मुली डोळे मिटत नाहीत, मला माहीत आहे. पण हे तिसऱ्यांदा झालंय. तुम्हाला जमत नाही, की करायचं नाही? एवढं तरी मला सांगा."

हाच प्रश्न मला जन्मभर कुणी ना कुणी विचारत आलंय.

घरी येऊन तो कागद मी नवऱ्यासमोर ठेवला. तो कृषी खात्यात आहे, किल्लारीकडच्या गावांमधून दिवसभर मोटारसायकलवर फिरतो. कमी बोलतो. त्यानं कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, "हे तर तूच आहेस." दुसऱ्या दिवशी त्यानंच डॉक्टरांची वेळ घेतली आणि त्या दिवशी दुपारी मला शाळेच्या फाटकातून उचलून नेलं. माझ्यावर सोडलं असतं तर तो कागद आजही पर्समध्येच असता.

डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी विचारलं, लहानपणीचं सांगणारं कुणी आहे का? म्हणून पुढच्या वेळी मी आईला बिलोलीकडच्या आमच्या गावाहून बोलावून घेतलं. आई खुर्चीच्या कडेवर बसली आणि माझ्याकडे न बघता सांगू लागली. "लहानपणापासून अशीच हाय हो बाई. पाणी आणायला पाठवली की घागर हिरीवर आन् ही शेजारच्या शेतात. शाळेत लई हुशार. पण दप्तर घरी आन् पोरगी शाळेत. मी लई मारलं हो हिला." मग ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "आजार हाय म्हणून सांगितलं असतं कुणी, तर कशाला मारलं असतं?"

आईच्या तोंडून ते ऐकताना मला रडू आलं नाही. रडू आलं ते नंतर, डॉक्टर बाई वेळेचं सांगायला लागल्या तेव्हा.

त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी डोक्यातला बाजार थोडा शांत होईल, म्हणाल्या, पण वेळ सांभाळायची सवय वेगळी लावावी लागेल. तुमच्या मनाला दोनच वेळा कळतात, एक 'आत्ता' आणि एक 'आत्ता नाही'. म्हणून कुठं किती वाजता पोचायचं, हे वहीत लिहू नका. किती वाजता उठून चप्पल घालायची, ते लिहा. घरात काट्यांचं घड्याळ लावा, वेळ सरकताना डोळ्यांना दिसली पाहिजे. मोठं काम असेल तर त्याचे तुकडे करा आणि फक्त पहिला तुकडा कागदावर ठेवा. मी मान डोलवत होते. मग त्या म्हणाल्या, "आणि एक. लिहायचं, तपासायचं काम असेल तेव्हा कुणाला तरी समोर बसवा. त्यांनी मदत करायची नाही, बोलायचं नाही. आपलं काही करत नुसतं बसायचं. खूप जणांना त्यानं फरक पडतो."

तिथं मला रडू फुटलं. आई घाबरली. डॉक्टर बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांना वाटलं असेल, आजाराचं नाव कळल्यामुळे रडतेय. त्यांना काय सांगणार? त्या जे जे सांगत होत्या, ते सगळं एका मुलीनं माझ्यासाठी सतरा वर्षांपूर्वी नांदेडला करून ठेवलं होतं, कुठल्याही डॉक्टरला न विचारता. आणि ती मुलगी माझ्या हातून सुटून गेली होती.

बी.एड.ला आम्ही दोघी नांदेडला एका खोलीत राहायचो, भाग्यनगरमध्ये, एका निवृत्त तलाठ्याच्या घराच्या वरच्या मजल्यावर. ती उदगीरची. व्यापाऱ्याचं घर, घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. सकाळी आंघोळ करून गळ्यातलं इष्टलिंग हातात घेऊन ती पाच मिनिटं डोळे मिटून बसायची, आणि ती पाच मिनिटं खरोखरच पाच असायची. मला त्याचंच नवल वाटायचं. माझी पाच मिनिटं कधी दोन असायची, कधी पन्नास.

पहिल्या महिन्यात तिनं मला नुसतं बघितलं. मी कॉलेजला रोज उशिरा जायचे, पाठाचं टाचण कधी पूर्ण नसायचं, दूध उतू जायचं. दुसऱ्या महिन्यात एका सकाळी ती म्हणाली, "तुला घड्याळ कळतच नाही गं. तुला दुसऱ्या तऱ्हेनं सांगावं लागेल." त्यानंतर तिनं मला कधी 'साडेसातला कॉलेज' असं सांगितलं नाही. ती सांगायची, "नळ जायच्या आत केस धुवून झाले पाहिजेत." "कुकरची तिसरी शिट्टी झाली की साडी." "तलाठीकाका पूजेची घंटा वाजवतील तेव्हा आपण जिन्यात पाहिजे." आणि मी जिन्यात असायचे. आयुष्यात पहिल्यांदा मी जिथं असायला पाहिजे तिथं असायला लागले.

संध्याकाळी ती माझ्यासमोर बसायची. खोलीत एकच टेबल होतं. एका बाजूला मी टाचण काढत असायचे, दुसऱ्या बाजूला तिचं काहीतरी चाललेलं असायचं. कधी अभ्यास, कधी तांदूळ निवडणं, कधी ब्लाउजला हूक लावणं. तिचा अभ्यास केव्हाच झालेला असायचा. तरी ती उठायची नाही. माझी नजर खिडकीबाहेर गेली की ती बोलायची नाही, फक्त हातातलं काम थांबवायची. ते थांबलेलं मला कळायचं आणि मी परत वहीत यायचे. त्या वर्षभरात मी चाळीसच्या वर टाचणं पूर्ण केली. त्याआधी मी सुरू करून पूर्ण केलेलं काही मला आठवत नाही.

मला तेव्हा वाटायचं, मी सुधारले. आता मी अशीच राहणार. ती समोर बसली आहे म्हणून हे होतंय, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

परीक्षा झाल्यावरही आम्ही खोली सोडली नव्हती. दोघी जिल्ह्या-जिल्ह्यात नोकरीचे अर्ज टाकत होतो. ती भावाच्या साखरपुड्याला उदगीरला गेली, आणि ती तिकडे असतानाच तिला लातूरच्या एका शाळेचा मुलाखतीचा निरोप आला. दोन दिवसांनी, अकरा वाजता. मूळ प्रमाणपत्रं सोबत आणणं बंधनकारक. प्रमाणपत्रांची फाईल नांदेडच्या खोलीत, तिच्या पेटीत होती.

मीच फोनवर म्हणाले, "तू कशाला इकडे येतेस? तू उदगीरहून सरळ लातूरला ये. मी फाईल घेऊन येते."

 ती म्हणाली, "येशील ना नीट?"

"अगं, सहाची गाडी आहे. साडेनऊला मी तिथं."

"सहाची गाडी म्हणजे कुकरची शिट्टी नाही, दूधवाला यायच्या आधी पायात चप्पल पाहिजे," ती म्हणाली. मी हसले.

त्या दिवशी मी चारला उठले. पाचला माझं सगळं आवरून झालं होतं, वेणी, साडी, डबा सगळं. मला स्वतःचा अभिमान वाटला. बसस्टँडवर जायला रिक्षानं दहा मिनिटं, म्हणजे हातात भरपूर वेळ. पेटी उघडून फाईल काढली. फाईलवर धूळ होती, ती पुसली. प्रमाणपत्रं मागेपुढे झालेली वाटली, म्हणून ती वर्षांप्रमाणे लावायला घेतली. फाईलच्या खाली आमच्या सहलीचे फोटो होते, सहस्रकुंडच्या धबधब्याचे. तेही बघितले. एका फोटोत ती डोळे मिटून हसत होती. तो फोटो तिला आज द्यावा म्हणून पाकीट शोधायला लागले.

खाली तलाठीकाकांची घंटा वाजली. ते सात वाजता पूजा करायचे.

मी धावत सुटले. फोन खोलीत चार्जिंगला तसाच राहिला. पुढची गाडी आठची, ती सुटली साडेआठला. लोहा, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर, प्रत्येक थांब्यावर ती गाडी अशी उभी राहायची, की मला खाली उतरून ढकलावीशी वाटायची. फाईल मी छातीशी धरली होती. शाळेच्या फाटकाशी पोचले तेव्हा साडेबारा वाजून गेले होते.

ती फाटकाबाहेर कडुनिंबाखाली उभी होती. मोतिया रंगाची साडी, हातात रिकामी पर्स. तिला मुलाखत घेणाऱ्यांनी शेवटच्या क्रमांकावर ठेवलं होतं, मग आणखी अर्धा तास थांबले, मग मूळ कागद नाहीत म्हणून तिची मुलाखत न घेताच उठले. हे तिनं मला एका वाक्यात सांगितलं. मी काय काय बोलले, मला आठवत नाही. गाडीचं काहीतरी सांगितलं. तिनं फाईल घेतली, उघडली, वर्षांप्रमाणे लावलेली प्रमाणपत्रं बघितली. मग मिटली.

"जेवलीस का?" तिनं विचारलं.

मी नाही म्हणाले. तिनं मला समोरच्या खानावळीत नेलं, आणि मी जेवेपर्यंत माझ्यासमोर बसून राहिली. स्वतः काही खाल्लं नाही. मग मला नांदेडच्या गाडीत बसवून ती उदगीरला गेली. तिचं सामान न्यायला महिन्याभरानं तिचा भाऊ आला.

वर्षानं तिच्या लग्नाची पत्रिका आली. पाकिटावर माझं नाव तिच्या हाताचं होतं. आत पत्रिकेच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, "नक्की ये." उदगीरला, दुपारी साडेबारानंतर अक्षता. मी साडी इस्त्री करून ठेवली. आहेर आणला. लग्नाच्या दिवशी सगळं आवरून मी घड्याळात बघितलं तर साडेदहा झाले होते. अजून मी नांदेडमध्येच. हिशेब केला, म्हटलं, दोन वाजून जातील. अक्षता होऊन गेलेल्या, पंगती उठलेल्या, आणि मी मांडवात शिरतेय, आणि तिच्या घरचे सगळे म्हणताहेत, हीच ती, फाईलवाली. मी साडी सोडून ठेवली. संध्याकाळी तिच्या भावाला फोन करून सांगितलं, ताप आला होता.

त्यानंतर तिचा कधी फोन आला नाही. मीही केला नाही. दिवाळीला करू, म्हणायचे. मग दिवाळी जायची. माझं लग्न झालं, लातूरला आले, नोकरी कायम झाली. उदगीर लातूरहून दोन तासांवर आहे. सोळा वर्षांत मला ते दोन तास सापडले नाहीत.

डॉक्टरांकडून आल्यावर नवऱ्यानं हॉलमध्ये काट्यांचं मोठं घड्याळ लावलं. मी वही केली. आंघोळीला दहा मिनिटं लागतात, असं मला वाटायचं. मोजली तर पस्तीस लागत होती. शाळेत जायला पंधरा मिनिटं, असं मी बारा वर्षं धरून चालले होते, त्यात चावी शोधायची वीस मिनिटं मी कधी धरलीच नव्हती. चावीला दाराशी खिळा ठोकला. हळूहळू हजेरीपटावरच्या माझ्या लाल रेघा कमी झाल्या. मुख्याध्यापिका बाई एकदा जाता जाता म्हणाल्या, "आजकाल प्रार्थनेला दिसता." त्या दिवशी मी शिक्षकखोलीत सगळ्यांना चहा सांगितला.

पण उत्तरपत्रिका काही होईनात. म्हणून संध्याकाळी नवरा समोर बसायला लागला. बिचारा खरंच बसायचा, पेपर घेऊन. पण वीस मिनिटांनी त्याला टाकीत पाणी चढलं का बघायचं असायचं, नाहीतर एखाद्या शेतकऱ्याचा सोयाबीनवरच्या अळीसाठी फोन यायचा. तो उठला की माझं मन त्याच्या मागं जायचं. मी त्याला काही म्हटलं नाही. तो बसायचा हेच खूप होतं. पण रिकाम्या खुर्चीकडे बघताना मला भाग्यनगरची खोली आठवायची. कुणी वारलेलं नव्हतं, कुणी परदेशी गेलेलं नव्हतं. दोन तासांवर होती ती.

तिचा नंबर मी तिच्या भावाच्या दुकानातून मिळवला. फोन तिनं उचलला, मी नाव सांगितलं. ती म्हणाली, "तुझा आवाज तसाच आहे की गं."

"मी येऊ का तुझ्याकडे?"

"ये की. रविवारी ये. दुपारी बाराला." आणि लगेच, "म्हणजे कधीही ये."

त्या रविवारी मी उदगीरच्या स्टँडवर साडेनऊला उतरले. अडीच तास आधी. किल्ल्याकडच्या रस्त्यावर एक चक्कर मारली, धान्याच्या मोंढ्यापर्यंत जाऊन आले. रविवारचा मोंढा बंद, पोत्यांवर कुत्री झोपलेली. मग एका हॉटेलात दोन चहा घेतले. घड्याळाचा काटा बारावर येईपर्यंत मी त्याच्यावरची नजर हलवली नाही.

तिचं घर डाळीच्या दुकानामागं होतं. दार सासूबाईंनी उघडलं. "बर्री, कूड्री," असं कानडीत म्हणत त्यांनी मला आत घेतलं आणि हाताला धरून खाटेवर बसवलं. आतून ती आली. केस पुढून पांढरे झालेले, चष्मा लागलेला. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तिला हसू आलं.

जेवायला येसराची आमटी आणि भाकरी होती. सासूबाई समोर असेपर्यंत आम्ही पोराबाळांचं, बदल्यांचं बोललो. त्या आडव्या झाल्या, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. प्रशिक्षण, कागद, डॉक्टर, आईचं बोलणं. आणि फाईलचं. म्हणाले, "मी मुद्दाम केलं नव्हतं गं. मला माफ कर."

"फाईल?" ती म्हणाली. "राग आला होता. वर्षभर होता. मग गेला."

"मग फोन का नाही केलास कधी?"

ती ताटातला भाकरीचा तुकडा मोडत राहिली. "तू लग्नाला आली नाहीस."

मी म्हणाले, "ताप..." आणि तिच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "ताप नव्हता."

"माहीत आहे मला."

"उशीर झाला असता. दोन वाजले असते मला पोचायला."

"वाजले असते तर वाजले असते!" तिचा आवाज एकदम चढला. "तू वेळेवर येशील म्हणून बोलावलं होतं होय मी तुला? तुला मी ओळखत नव्हते का? अक्षता झाल्या, पंगती झाल्या, मांडव सोडणारी माणसं आली, तरी मी दाराकडंच बघून राहिले होते. म्हटलं, येईल आता. घामाघूम येईल, दोन पायांत दोन चपला घालून येईल, पण येईल. नणंदा हसायला लागल्या, कुणाची वाट बघून राहिलीस म्हणून. उशिरा येणारं माणूस मला चालत होतं गं. न येणारं कसं चालेल?"

 सोळा वर्षं मी भलत्याच चुकीची लाज बाळगून होते.

मग मी विचारलं, "तुला कंटाळा नाही यायचा? रोज माझ्यासमोर बसायचा?"

"यायचा की. लई यायचा." ती ताटं उचलत म्हणाली. "पण तुझं टाचण झालं की तू असं बघायचीस माझ्याकडं, जसं काही मीच लिहिलंय. मला ते आवडायचं."

मग ती मला दुकानाच्या वर घेऊन गेली. वर तिची अभ्यासिका आहे, मुलींसाठी. नोकरी तिला पुढं मिळालीच नाही, मिळवायची तिनं फारशी खटपटही केली नाही. दहा वर्षांपूर्वी सासऱ्यांना विचारून तिनं वरचं गोदाम रिकामं करून घेतलं. आता तिथं तीसेक टेबलं आहेत, मधे प्लायवूडच्या पडद्या. पोलीस भरती, नर्सिंग, तलाठी, कसल्या कसल्या परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुली. पुढं भिंतीशी तिची खुर्ची. ती शिकवत नाही. ती बसते. दुपारी दोन ते सहा.

"उत्तरपत्रिका आणल्यात ना पिशवीत?" तिनं हळूच विचारलं. आणल्या होत्या. तिला कसं कळलं, कुणास ठाऊक. खिडकीजवळचं एक टेबल तिनं मला दाखवलं. मी बसले. तीही तिच्या खुर्चीत बसली, चष्मा वर करून पेपर वाचायला लागली. पंख्याचा आवाज, पानं उलटल्याचा आवाज. मी साडेचारला मान वर केली तेव्हा गठ्ठ्यातल्या अडतीस उत्तरपत्रिका तपासून झाल्या होत्या. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिसऱ्या रांगेतली एक मुलगी जांभया देत होती, तिच्याकडे तिचं लक्ष होतं. मला त्या मुलीचा मत्सर वाटला. या वयात, हो.

निघताना मी म्हणाले, "डॉक्टर म्हणतात फोनवरसुद्धा चालतं. रविवारी फोन चालू ठेवून बसू या का? बोलायचं नाही काही."

"बघू," ती म्हणाली. चार रविवार आम्ही तसं केलं. तिकडे तिची डाळ पाखडल्याचा आवाज यायचा आणि इकडे माझा लाल पेन चालायचा. पाचव्या रविवारी सासूबाई न्हाणीत पडल्या, खुबा मोडला. मग तिला वेळ राहिला नाही. मी पुन्हा विचारलं नाही. तिच्याकडं आता सांभाळायला पुष्कळ माणसं आहेत.

पावसाळ्यानंतर मी पुन्हा उदगीरला गेले, तर ती घरी नव्हती. सासूबाईंना दाखवायला बिदरला गेली होती. तिनं मला पुढचा रविवार सांगितला होता, मी वहीत हाच लिहिला होता. दुकानात तिचा नवरा होता. तो म्हणाला, "आलाच आहात तर वर बसा. मुली एकट्याच आहेत."

मी वर गेले आणि तिच्या खुर्चीत बसले. मुलींनी एकदा बघितलं आणि माना खाली घातल्या. दहा मिनिटं झाली असतील. खाली रस्त्यावर बैलगाडी आणि टेम्पो अडकल्याचा गोंधळ ऐकू आला, मी उठून खिडकीतून बघून आले. बसले. मग कोपऱ्यातल्या माठावर झाकण नीट नव्हतं, ते ठेवून आले. मग भिंतीवरचं वेळापत्रक वाचायला उठले. प्रत्येक वेळी मी उठले की तीस माना वर यायच्या. कुणी पेन टाकायची, कुणी शेजारणीशी कुजबुजायची. मी हाताची घडी घालून स्वतःला खुर्चीत दाबून धरलं. पाठ दुखायला लागली. डोक्यात मुंग्या. घड्याळात बघितलं तर पंचवीस मिनिटं झाली होती.

नांदेडला ती रोज तीन तीन तास बसायची. वर्षभर. तिचा अभ्यास झालेला असायचा, खाली तलाठीकाकूंकडे टीव्ही चालू असायचा, गच्चीवर बाकीच्या मुली गप्पा मारत असायच्या. तिलाही उठावंसं वाटत असेल. ती उठली नाही. तिच्या खुर्चीत बसून मला ते पाठीत, गुडघ्यात कळलं.

मी पाच वाजेपर्यंत बसले. किती वेळा उठले, ते मोजलं नाही.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. "आली होतीस म्हणे. मुली सांगून राहिल्या होत्या, त्या बाई सारख्या उठतात म्हणून." ती खूप वेळ हसली. ते हसणं मला डोळे मिटून हसल्यासारखं ऐकू आलं. मग म्हणाली, "मी असताना ये. या रविवारी आता जमत नाही, सासूबाईंचं बघून कुठला रविवार ते कळवते."

तिनं अजून कळवलेलं नाही. या महिन्यातल्या एकाही रविवारी मी दुसरं काही ठरवलेलं नाही.